माद्रिदला सूर्य कधी मावळतो

चपात्या लाटताना बाकीच्या बायका गुणगुणतात, आमची सूनबाई सोनल स्पॅनिश बोलते. पोळपाटाशेजारी तेलाच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. त्यातली बाई एक वाक्य म्हणते आणि थांबते. मग सोनल लाटणं थांबवून तेच वाक्य म्हणते. बरोबर आलं की मोबाईल टिंग करतो. चुकलं की घसा खाकरल्यासारखा आवाज काढतो, आणि त्या दणक्यात चपाती एका अंगाला जाड होते. आमचे हे ताटातली चपाती उजेडाला धरून बघतात आणि म्हणतात, "आज अभ्यास जड गेलेला दिसतोय."

हे म्हणजे आण्णा. कोल्हापुरातलं आमचं सगळं कसबा बावडा त्यांना आण्णाच म्हणतं. साखर कारखान्यात टाईमकीपर होते. पस्तीस वर्षं यांच्या घड्याळावर माणसं कामाला आली आणि घरी गेली. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, तरी चहा दोन मिनिटं उशिरा आला तर कपाकडं न बघता आधी भिंतीकडं बघतात. आमचा मुलगा श्रेणिक, त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन जेवणाबद्दल. नातू श्रेयस पुण्यात नोकरीला. मला कॉलनीतली माणसं अक्काताई म्हणतात, सोनल आत्ती म्हणते. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. माझं शिक्षण चौथी, त्यातली तिसरी दोनदा.

सोनलचं माहेर हुपरी. घरातच चांदीचं काम. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळायच्या तेव्हा ही पैंजणाला घुंगरं जोडत बसायची. त्यामुळं एक झालंय, काम बारीक असलं की ही बाई हलत न्हाय. लग्न होऊन आली ती बी.कॉम. होऊन, आणि श्रेयस शाळेत जायला लागल्यावर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागली. तिथून पंपाचे ओतीव भाग परदेशी जातात. कुठल्या पेटीत काय, कुठल्या जहाजावर काय, त्याचे कागद सोनल करते. स्पेनमधलं एक गिऱ्हाईक आहे. त्यांच्या इंग्रजी पत्राखाली चार ओळी त्यांच्या भाषेत असायच्या. बाकीचे लोक त्या सोडून द्यायचे. हिला त्या ओळी डोळ्यांत खुपायच्या. "आत्ती, आपल्याला लिहिलेलं हाय आणि आपल्याला कळत न्हाय, हे बरं दिसतंय का?" असं म्हणून चार वर्षांपूर्वी सुरुवात केली. आता पत्रं वाचते, पत्रं लिहिते, त्यांच्या सणाला शुभेच्छासुद्धा पाठवते.

पण फोन आला की गळा बंद.

गेल्या दिवाळीच्या आधी तिकडून फोन आला. हिला सगळं कळत होतं म्हणे, पण तोंडातून शब्द निघेना. मग जे एक निघालं तेच म्हणत बसली. "सी, सी, सी." म्हणजे हो, हो, हो. अकरा वेळा हो म्हणून फोन ठेवला. त्या अकरा होकारांपायी दोन पेट्या माल जादा गेला. मालक विजयसिंह मोठ्या मनाचा माणूस. हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. म्हणाला, "मॅडम, एक महिना तिकडं जाऊन राहा. सुट्टी मी देतो. बोलायला शिकून आलासा तर तिकडचं सगळं गिऱ्हाईक तुमच्या हातात. न्हायतर पुढच्या फोनला अख्खी फाउंड्री द्यालासा."

ते गमतीनं बोलले. हिनं मनावर घेतलं.

माद्रिद म्हणून मोठं शहर आहे, तिथं मोठ्या माणसांसाठी शाळा असते. चार आठवडे, रोज सकाळी साडेनऊ ते दीड, सगळे वेगवेगळ्या देशांचे. राहायचं एका बाईच्या घरी, म्हणजे जेवता-खाताही तीच भाषा. जूनचे चार आठवडे ठरले, म्हणजे चातुर्मास बसायच्या आत परत. सोनलनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पंचवीस वर्षांत या बाईनं स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत न्हाय. एकदा मिक्सर मागितला होता, पण तो सगळ्यांसाठीच.

आणि मग आमच्या घराला जे खूळ लागलं ते काय सांगू! तिकीट न्हाय, व्हिसा न्हाय, शाळेचा फॉर्म अर्धा, आणि हॉलमध्ये बॅग उघडून ठेवलेली. येणारा-जाणारा त्यात काहीतरी टाकून जायचा. शेजारची वर्षाराणी आली ती भडंगाचं पोतंच घेऊन. वर्षाराणी म्हणजे बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीत कळतं कुणाकडं काय शिजलंय. "लसूण घातल्याला न्हाय हां अक्काताई! तुमच्यासाठी वेगळा घाणा केलाय!" मी भाजणी केली, मेतकूट केलं, शेंगदाण्याची चटणी केली. श्रेणिक रोज संध्याकाळी बॅग उचलून वर्कशॉपच्या काट्यावर नेऊन ठेवायचा आणि परत आणायचा. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माझा मुलगा दारातूनच ओरडायचा, "अजून सव्वाचार किलो बसतंय! घाला घाला!" आण्णांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, माद्रिदच्या वेळेचं. साडेतीन तास मागं. दर तासाला मान वळवून म्हणायचे, "आता तिथं उठली असतील." जशी काय ती माणसं नात्यातली.

एका रविवारी दुपारी त्या घरमालकिणीचं पत्र आलं. पत्र म्हणजे मोबाईलवर. नाव पिलार. वय अडुसष्ट, निवृत्त नर्स, नवरा वारलेला, मुलगी लांब. सोनल एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होती आणि आम्ही सगळे सतरंजीवर गोल करून ऐकत होतो. खोलीला बाल्कनी आहे. बाल्कनीत तुळशीसारखं एक झाड आहे. सकाळी आठला नाश्ता. दुपारी अडीचला जेवण. पहिल्या दिवशी पाहुणीसाठी मी माझ्या हातची खास पोळी करीन, तिला सगळे नावाजतात.

"बघा की, पोळी करत्यात तिकडं बी!" वर्षाराणी म्हणाली. "कशाची?"

सोनलनं पुढं वाचलं. "अंडी, बटाटा आणि कांदा."

आण्णांनी डोळे मिटले. आम्ही जैन. आमच्याकडं जे तीन पदार्थ उंबऱ्याच्या आत येत न्हाईत ते त्या बाईनं प्रेमानं एकाच तव्यात घातले होते. श्रेणिक म्हणाला, "एक बरं हाय, तिन्ही एकदमच नाकारता येतील." आम्ही हसलो. सोनलही हसली. मग तिनं खालची ओळ वाचली आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

"काय गं?"

"रात्रीचं जेवण साडेनऊला."

कुणी काही बोललं न्हाय. वर्षाराणीसुद्धा. आणि ती गप्प बसली म्हणजे तुम्ही समजून घ्या.

यामागची गोष्ट सांगायला पाहिजे. श्रेयस अकरा महिन्यांचा असताना आजारी पडला होता. नऊ दिवस दवाखान्यात. सोनल तेवीस वर्षांची पोर, वाळून काटकी झालेली. तेव्हा बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एक मुनिमहाराज उतरले होते. मी तिला घेऊन गेले. बाकीच्या बायका चार महिन्यांचा, वर्षाचा नियम घेत होत्या. मीच हिच्या कानात म्हटलं, "जन्मभराचा घे." तिनं माझ्याकडं बघितलं आणि घेतला. सूर्य मावळल्यावर अन्न न्हाय, जन्मभर. पोर बरं झालं. औषधानं झालं का नियमानं, ते मला माहीत न्हाय, पण चोवीस वर्षं ही बाई दिवस मावळायच्या आत जेवते. लोकांच्या लग्नात साडेपाचला आचाऱ्याकडून वरणभात मागून घेते. एकदा पुण्याहून येताना गाडी घाटात अडकली, तर सकाळपर्यंत उपाशी. कधी कुरकुर न्हाय, कधी मला बोलून दाखवलं न्हाय. नियम घेतला तिनं. तो जन्मभराचा कर म्हणणारी मी.

त्या रविवारी तिनं मोबाईल बंद केला. बॅगेतून चटणीचा डबा काढला, मेतकूट काढलं, फळीवर जागच्या जागी ठेवलं. "राहू दे, आत्ती. मोबाईलवरच शिकते मी. येतंय की आता थोडं थोडं." आणि भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती.

चोवीस वर्षांपूर्वी कानात सांगायला मला एक क्षण लागला होता. आता हिला जाता यावं म्हणून मी काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा एक कागद घेऊन आले. रात्रभर विचार केला होता. रेघा मारून, लाल-निळ्या शाईत वेळापत्रक. टाईमकीपरचं.

"जाता येतंय," म्हणाले. "सोपं हाय. नियम कुठं घेतला? कोल्हापुरात. मग सूर्य बी कोल्हापूरचाच धरायचा. इथं जूनमध्ये सात वाजता मावळतो. तवा तिथं साडेतीन. आपण दोन घडी आधी उठतो, म्हंजे अठ्ठेचाळीस मिनिटं वजा. शेवटचा घास दुपारी दोन बेचाळीस."

सोनलनं कागद बघितला. "आण्णा, त्यांच्याकडं दुपारचं जेवण अडीचला."

"मग? बारा मिनिटं हायत की."

"बारा मिनिटांत दोन्ही जेवणं?"

"कारखान्यात दहा मिनिटांत जेवायची माणसं."

श्रेणिक म्हणाला, "आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी? अनोळखी मुलखात, दिवसभर डोकं शिणवून?" हे त्याचं त्या दिवसाचं तिसरं वाक्य होतं.

मी तांदूळ निवडत होते. हिशेब मला कळत न्हाय, पण आण्णांच्या घड्याळाकडं बघत मी मनात जुळवत होते. म्हटलं, "अवो, इथला सूर्य धरायचा म्हणता न्हवं? मग उगवायचा बी इथलाच धरायला पाहिजे."

"अर्थात."

"इथं सहाला उजाडतंय. तवा तिथं किती?"

आण्णांनी भिंतीकडं बघितलं. ओठ हलले. मग पुन्हा बघितलं.

"अडीच," सोनल म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"म्हंजे मध्यरात्री अडीचला अंधारात उठून माझ्या सुनेनं नाश्ता केला तर चालतंय, आणि दुपारी उन्हात तीनला पाणी घेतलं तर नियम मोडला. व्हय का?"

वर्षाराणी दारात दूध घेऊन उभी होती, ती खाली बसूनच हसली. श्रेणिक हसला. आण्णांनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि खिशात टाकला. पण हार मानतील तर ते आण्णा कसले. "बरं. तिथला सूर्य धरा. पण साडेनऊ म्हंजे रात्रच. सूर्य कुठलाबी असू दे, साडेनऊला दिवस असतोय व्हय कुठं?"

तेवढ्यात श्रेयसचा पुण्याहून फोन आला. आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आण्णा, माद्रिदला जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो."

"कितीला?"

"रात्री पावणेदहाला."

"त्याला रात्री म्हणतोस आणि सूर्य बी हाय म्हणतोस!"

"तिकडचा ओव्हरटाईम करतोय, आण्णा," वर्षाराणी म्हणाली.

"मी सही केल्याशिवाय ओव्हरटाईम न्हाय," आण्णा म्हणाले. "आणि तू हे मोबाईलवर बघून सांगतोस. हा मोबाईल बावड्यात पाऊस सांगतोय आणि मी छत्री घेऊन कोरडा परत येतोय."

हसण्याचा गदारोळ चालला होता, पण मी सोनलकडं बघत होते. ती हसत न्हवती. म्हणाली, "मी पण वाचलंय ते. पहिल्याच दिवशी वाचलंय. पण आत्ती, मला जायचं हाय म्हणून मला ते खरं वाटतंय का, हे मला कळंना झालंय. वेळ लिहिलेली असते. उजेड खरा असतो का नुसता म्हणायला? मला सोयीचं उत्तर नको. उद्या तिथं ताटावर बसले आणि मनात आलं की आपण पळवाट काढली, तर घास गिळणार न्हाय माझ्याच्यानं."

आणि शाळेची जागा पुढच्या सोमवारपर्यंतच धरून ठेवणार होते. म्हणजे हातात सात दिवस.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांच्या वेळी घरात घड्याळ न्हवतं. पंचांग वाचता येत न्हवतं. पावसाळ्यात आठ आठ दिवस सूर्य दिसायचा न्हाय. तरी त्यांनी कधी अंधारात घास घेतला न्हाय. त्या अंगणात जाऊन तळहात उघडायच्या. दिवा न लावता हातावरच्या रेघा दिसल्या तर जेवा. दिसल्या न्हाईत तर उठा. ताटात किडा-मुंगी पडली तर दिसली पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ. मी हे सांगितलं.

सोनल ताठ बसली. "हे बरोबर हाय," म्हणाली. "हे मला मान्य."

"पण हात कुणाचा?" श्रेणिक म्हणाला. "तिथं आपलं कोण हाय?"

"पिलारबाई हायत की," मी म्हटलं.

त्यावर जे पत्र लिहिलं गेलं ते लिहायला दीड तास लागला. परक्या देशातल्या, कधी न बघितलेल्या बाईला काय लिहायचं? की संध्याकाळी तुमच्या बाल्कनीत जा, घरातले सगळे दिवे बंद करा, तळहाताचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. श्रेणिक म्हणाला, "पोलिसांत जाईल ती." सोनलनं सगळं नीट लिहिलं. नियम काय, का घेतला, कधी घेतला. आपण किती वाजता जेवू शकतो हे ठरवायला हवं. रेघा दिसल्या तर मी येईन. न दिसल्या तर माफ करा, येणार न्हाय. आण्णांनी शेवटी एक ओळ घालायला लावली: फोटोत घड्याळ दिसलं पाहिजे.

तिथं संध्याकाळ म्हणजे इथं मध्यरात्र, त्यामुळं उत्तर बघायचं ते सकाळीच. दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही सगळे एका मोबाईलवर वाकलो. फोटो आला होता! गोरापान हात, पाचही बोटं पसरलेली, मनगटावर घड्याळ, साडेआठ. रेघा अशा स्वच्छ की मोजून घ्याव्यात. मी "आलं!" म्हणून टाळी वाजवली.

सोनल फोटो जवळ घेऊन बघत होती. "आत्ती, नखं बघा. चमकत्यात. आणि मागं भिंतीवर हाताची काळी सावली. मोबाईलचा दिवा लागलाय."

"फ्लॅश," आण्णा म्हणाले. "रद्द."

म्हणजे ही बाई स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी. दुसरी कुणी असती तर नखांकडं बघितलं नसतं. मी चिडले. मनात म्हटलं, एकदा जरा आंधळी झाली असती तर काय बिघडलं असतं? पण मग म्हटलं, आंधळी होणारी असती तर चोवीस वर्षं साडेपाचला आचाऱ्याच्या मागं उभी कशाला राहिली असती?

पुन्हा पत्र. माफ करा, दिवा लागला होता. बिनदिव्याचा पाठवता का?

दुसऱ्या दिवशी काही न्हाय. तिसऱ्या दिवशी काही न्हाय. बॅग तशीच उघडी, त्यात नुसतं वर्षाराणीचं भडंग. चौथ्या दिवशी पिलारबाईची एक ओळ आली, की इकडं ढग आलेत, थांबा, अंधारातला फोटो पाठवून तुमचं नुकसान करणार न्हाय. हे वाचून आण्णा म्हणाले, "बाई प्रामाणिक हाय." आण्णांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सोनलच्या मोबाईलनं एकापाठोपाठ आवाज केला. एक फोटो न्हाय, पाच. आणि एक हात न्हाय, चार बायकांचे हात! पिलारबाईनं इमारतीतल्या शेजारणी गोळा केल्या होत्या. बाल्कनीच्या कठड्यावर आठ तळहात ओळीनं मांडलेले, हळदी-कुंकवाला बसल्यासारखे. मधोमध स्वयंपाकघरातलं भलंमोठं गोल घड्याळ, भिंतीवरून उतरवून आणलेलं. आठ वाजून पस्तीस मिनिटं. मागं घरात मिट्ट काळोख, सगळे दिवे बंद. आणि पलीकडच्या इमारतींच्या माथ्यावर पिवळंधमक ऊन, आपल्याकडं साडेपाचला असतं तसं.

सोनलनं फोटो मोठा केला. एकेका हातावरून बोट फिरवत गेली.

"दिसत्यात," म्हणाली. मग दुसऱ्या हातावर. "दिसत्यात." मग आवाज चिरकला. "आत्ती, बारीक रेघा बी दिसत्यात. हिच्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग हाय, तो बी दिसतोय!"

आण्णांनी भिंग मागवलं. हातांकडं न बघता आधी घड्याळ तपासलं. मग पाचही फोटोंत सेकंदाचा काटा पुढं सरकलाय की न्हाय ते बघितलं. सरकला होता. मग खिशातून घडी केलेला कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. "आता मे चाललाय. जूनमध्ये दिवस आणखी अर्धा तास लांबणार. पावणेदहातून अठ्ठेचाळीस मिनिटं वजा. आठ सत्तावन्न. साडेआठला बसायचं, आठ सत्तावन्नला हात धुवायचा." आणि खाली सही केली. टाईमकीपरची, तारीख घालून. वर्षाराणीनं तेवढ्यात मोबाईल ओढून घेतला होता आणि आठही हात वाचायला सुरुवात केली होती. "ह्या बाईला पंच्याऐंशी वर्षं मरण न्हाय! ही दुसरी, हिचं लग्न ठरत आलंय, लिहून द्या तिला! आणि ही चौथी, हिच्या हातात परदेशगमन हाय." श्रेणिक म्हणाला, "मग ती इकडंच येऊ दे, आपली खोली रिकामी होतीया." त्याचं चार वाक्यांचं माप त्या दिवशी सकाळी सातलाच संपलं होतं.

एकच राहिलं होतं. पिलारबाईचं जेवण साडेनऊचं. आम्हाला ते साडेआठला हवं होतं. पत्र लिहून मागता आलं असतं. पण सोनल म्हणाली, "एवढं त्यांनी केलं. हे पत्रानं न्हाय मागायचं. बोलते."

रविवारी दुपारी अडीचला, म्हणजे तिकडं सकाळी अकराला, फोन लावला, चेहरा दिसतो तो. हॉलमध्ये वर्षाराणीसकट आम्ही चौघं सोफ्यावर ओळीनं, सोनल समोर खुर्चीत. पदर सारखा करत होती, सारखा झालेला असताना. पलीकडं पिलारबाई आल्या. आखूड पांढरे केस, मोठा चष्मा. हात वर करून आधी तळहातच दाखवला, आणि आम्ही सगळ्यांनीही आपापले दाखवले.

मग सोनलनं तोंड उघडलं. आणि काही आलं न्हाय. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले. आण्णा दुसऱ्या घड्याळाकडं बघायचं विसरले.

पिलारबाई हात खाली न घेता नुसत्या बघत राहिल्या. घाई न्हाय त्यांना. नर्स होत्या, थांबायची सवय असेल.

आणि मग सोनल बोलायला लागली. आधी अडखळत, एक शब्द, मग दुसरा. मग तीन सलग. मला एक अक्षर समजत न्हवतं, पण कुठं वाक्य संपलं ते मला तिच्या खांद्यावरून कळत होतं. शेवटी प्रश्न विचारल्यासारखा आवाज वर गेला.

पिलारबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की चष्मा नाकावर आला. मग भराभरा बोलल्या. आता सोनल हसायला लागली, आणि बोलेना.

"अगं, काय म्हणतीया ती? येऊ नको म्हणतीया काय?" मी विचारलं.

"म्हणत्यात," सोनल डोळे पुसत म्हणाली, "साडेआठला जेवणारी माणसं मी चाळीस वर्षं बघितली, सगळी दवाखान्यात. पण ये. बटाट्याचं आणि अंड्याचं बंद, हरभरे आणि पालक करीन. साडेआठला तुझ्याबरोबर बसते आणि साडेनऊला परत एकदा जेवते, माझं वजन वाढलं तर तुझी जबाबदारी."

"तिला सांग," आण्णा म्हणाले, "आठ सत्तावन्न."

"सांगते, आण्णा."

पण तिनं ते सांगितलं का न्हाय मला माहीत न्हाय, कारण त्यानंतर ती आमच्याकडं वळलीच न्हाय. श्रेणिकनं शेजारी लॅपटॉप ठेवला. बोलता बोलता एका हातानं तिनं शाळेचा फॉर्म पुरा केला, मान वर न करता. आणि बोलत राहिली. ती विचारत होती, ही सांगत होती, मध्येच अडली की हातवारे करत होती, आणि पिलारबाई शब्द पुरवत होत्या. पहिली पाच मिनिटं आम्ही "काय म्हणाली?" असं विचारत होतो. मग विचारायचं सोडलं. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं न्हाय. एक अक्षर कळत नसताना आम्ही चौघं सोफ्यावर ओळीनं बसून राहिलो, आणि पिलारबाई तिकडं हसल्या की इकडं आम्हीही हसत होतो.